पारसी बागानमधील वाचक

१९२१ साली कलकत्त्याहून व्हिएन्नाला टपालाने एक पुस्तक रवाना झाले. दमनाची संकल्पना हा त्याचा विषय होता आणि कलकत्ता विद्यापीठाच्या डी.एस्‌सी. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचे ते मुद्रित रूप होते. लेखक गिरींद्रशेखर बोस हे चौतीस वर्षांचे, वैद्यकी करणारे गृहस्थ. ज्यांना ते पाठवले गेले ते सिग्मंड फ्रॉइड त्या वेळी पासष्टीला पोहोचले होते. २९ मे १९२१ रोजी फ्रॉइड यांनी उत्तर लिहिले. या ग्रंथातील प्रमुख प्रतिपादने बरोबर असल्याची ग्वाही त्यांनी आनंदाने दिली. आणि एवढ्या दूरच्या देशात मनोविश्लेषणाविषयी इतकी आस्था निर्माण व्हावी याचे आश्चर्यही मोकळेपणाने व्यक्त केले.

या आश्चर्याला भूगोलापेक्षा निराळे एक कारण असू शकत होते. गिरींद्रशेखरांनी तोवर एकाही मनोविश्लेषकाला पाहिले नव्हते. व्हिएन्ना, बर्लिन, झुरिक यांपैकी कोठेही ते गेले नव्हते. कोणा जाणत्यासमोर बसून स्वतःच्या मनाचे पदर उलगडून घेण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. इंग्रजी नियतकालिकांतील काही लेख, त्यानंतर अमेरिकेत झालेली ब्रिल यांची भाषांतरे, आणि आपल्या दवाखान्यात येणारी माणसे एवढीच त्यांची सामग्री होती. मनाचे हे नवे शास्त्र त्यांनी वाचून आत्मसात केले होते. पुढे ज्या संस्थेचे ते एकतीस वर्षे अध्यक्ष राहिले, ज्या शिष्यांचे त्यांनी विश्लेषण केले, त्या सर्वांचा उगम असा एका माणसाच्या वाचनात आहे.

आता यातली अडचण अशी की, वाचनाने माणूस स्वतःला ओळखू शकतो यावर खुद्द फ्रॉइड यांचा फारसा विश्वास नव्हता. १८९७ साली आपल्या स्वप्नांचा मागोवा घेत असताना त्यांनी बर्लिनच्या फ्लीस या स्नेह्याला जी पत्रे लिहिली, त्यांतील एका पत्रात त्यांनी खरे आत्मविश्लेषण अशक्य असल्याचे म्हटले आहे; एखाद्या परक्या माणसाविषयी जशी वस्तुनिष्ठ माहिती मिळवावी तशी मिळवलेल्या ज्ञानाच्या आधारेच आपल्याला स्वतःकडे पाहता येते, अशी त्यांची कबुली होती. १९१० साली अननुभवी वैद्यांच्या उतावळ्या निदानांवर लिहिताना तर त्यांनी आणखी कठोर दृष्टान्त योजला. मनोरुग्णाला त्याच्या अबोध मनाविषयी व्याख्याने ऐकवणे किंवा पुस्तके वाचायला देणे याचा उपयोग दुष्काळात उपाशी माणसांना पक्वान्नांची यादी वाटण्याइतकाच, असा त्याचा आशय. पक्वान्नांची यादी वाचून पोट भरत नाही हे खरेच. पण पारसी बागानमधल्या त्या डॉक्टरांजवळ यादीच तेवढी होती, आणि तिच्या आधाराने त्यांनी स्वयंपाकाला हात घातला होता. पुस्तकातून आत्मज्ञान होते की नाही हा प्रश्न तत्त्वचर्चेत कितीही घोळवता येतो. कलकत्त्याच्या या प्रकरणात तो प्रत्यक्ष माणसांच्या चरित्रांत घडलेला दिसतो, म्हणून त्याचे मोल विशेष.

गिरींद्रशेखरांचा जन्म १८८७चा. वडील चंद्रशेखर बोस दरभंग्याच्या महाराजांकडे दिवाण होते. घरात वेदान्ताची चर्चा चाले, ग्रंथ वाचले जात. थोरले बंधू राजशेखर हे रसायनशास्त्रज्ञ. 'बेंगॉल केमिकल' या कारखान्याचा कारभार त्यांनी सांभाळला आणि 'परशुराम' या टोपणनावाने बंगालीत अशा विनोदी कथा लिहिल्या की आजही बंगाली घरांत त्या वाचल्या जातात. कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, १४ पारसी बागान लेन या घरी मित्रांचा अड्डा जमे. त्याचे नाव 'उत्केंद्र समिती'. केंद्रापासून ढळलेल्यांची मंडळी असा त्याचा अर्थ. म्हणजे चक्रम मंडळच! तेथे चित्रकार येत, प्राध्यापक येत, चहा आणि गप्पा यांना सुमार नसे. फ्रॉइड यांचे नाव बंगाली संभाषणात जेथे प्रथम रुळले त्या मोजक्या जागांपैकी ही एक होती. मनोविश्लेषणाचा इतिहास लिहिणारे युरोपीय लेखक रुग्णालये आणि विद्यापीठे शोधतात. येथे एक दिवाणखाना शोधावा लागतो.

विद्यार्थिदशेत गिरींद्रशेखरांना जादूच्या खेळांचा आणि संमोहनाचा नाद होता. १९१० साली वैद्यकीय पदवी मिळाल्यावर मनाने आजारी असलेल्या माणसांवर त्यांनी प्रथम संमोहनाचाच प्रयोग केला. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. हार्वर्डला शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख होते. चालत्या दवाखान्याच्या या मालकाने तेथे विद्यार्थी म्हणून नाव घातले आणि १९१७ साली एम.ए. पूर्ण केले. एव्हाना ब्रिल यांनी केलेले स्वप्नमीमांसेचे भाषांतर (१९१३) आणि दैनंदिन जीवनातील चुकांवरच्या ग्रंथाचे भाषांतर (१९१४) प्रसिद्ध झालेले होते. महायुद्धाच्या त्या वर्षांत युरोपातून पुस्तके येणे दुरापास्त झाले असताना जे हाती आले ते वारंवार वाचणे एवढाच मार्ग होता. या टंचाईचाही काही उपयोग झाला असावा. ज्याच्याजवळ दहा पुस्तके असतात तो एका पुस्तकाची शंका दुसऱ्यात जाऊन फेडतो. ज्याच्याजवळ दोनच असतात त्याला शंका फेडण्यासाठी अनुभवाकडे वळावे लागते.

गिरींद्रशेखर कोणत्या अनुभवाकडे वळले हे त्यांच्या प्रबंधावरून कळते. दमन म्हणजे मनाला न पेलणारी इच्छा नेणिवेत लोटणे, ही फ्रॉइड यांची कल्पना त्यांनी स्वीकारली. परंतु इच्छा मुळात दाबली का जाते, याचे उत्तर त्यांनी स्वतंत्रपणे दिले. त्यांच्या मते प्रत्येक इच्छेला नेमकी उलट अशी एक जोड-इच्छा असते. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची इच्छा असते, पाहण्याच्या इच्छेबरोबर पाहिले जाण्याची, प्रेम करण्याच्या इच्छेबरोबर प्रेमाचा विषय होण्याची. दोहोंपैकी एक जाणिवेत वावरते आणि तिच्या वजनाखाली दुसरी दबून राहते. मुलांच्या खेळातल्या तिरपागड्या फळीसारखे हे आहे: एक टोक खाली असेल तर दुसरे वर असणारच. म्हणून उपचारात त्यांनी रुग्णाला दोन्ही टोकांवर बसायला शिकवले. ज्याच्यावर तुझा राग आहे त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. तो अपमान तुझा होत आहे असे समज. मग पुन्हा आपल्या जागी ये. ही ये-जा पुरेशी झाली की दडलेली इच्छा आपोआप वर येते, असा त्यांचा अनुभव होता.

मराठी वाचकाला यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागणार नाही. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू होते तेव्हा तिच्या हातून तोच सासुरवास कसा होतो, याचे कोडे आपल्या ओव्यांनी, कथाकादंबऱ्यांनी आणि शेजारणींच्या गप्पांनी कितीदा तरी घातले आहे. सोसलेले विसरले जाते म्हणून असे घडते, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. गिरींद्रशेखरांच्या दृष्टीने पाहिले तर उलट, काहीच विसरलेले नसते. सोसणारी आणि सोसायला लावणारी अशा दोन्ही भूमिका त्या स्त्रीच्या मनात पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी असतात. फळी उलटते इतकेच. हे स्पष्टीकरण शास्त्राच्या कसोटीला कितपत उतरते याविषयी पुष्कळ मतभेद होऊ शकतात, आणि झालेही. पण ते वाचणारी सासू क्षणभर थबकेल, हा त्याचा गुण नाकारता येत नाही.

येथेच वाचनाचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. मानवी वर्तनाविषयीचे पुस्तक वाचणाऱ्या बहुतेकांना प्रथम इतरांचेच चेहरे दिसू लागतात. मत्सराचे प्रकरण वाचताना जाऊ आठवते, अहंकाराचे वाचताना कचेरीतला साहेब. स्वतःचा क्रमांक फार उशिरा लागतो, आणि कित्येकदा लागतच नाही. पारसी बागानमधील मंडळाच्या पहिल्याच सभासदांत हा भेद इतक्या ठळकपणे उमटला आहे की, त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

१९२२ साली गिरींद्रशेखरांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. संस्थेचा पत्ता त्यांच्या घराचाच, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यताही मिळाली. पंधरा संस्थापक-सभासदांपैकी नऊ महाविद्यालयांत मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकवणारे होते. होऊ घातलेल्या विश्लेषकाने आधी स्वतःचे विश्लेषण करून घेतले पाहिजे हा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने १९२५ साली पक्का केला. त्याआधीच संस्थेला मान्यता मिळाली हे तिचे भाग्य. सभासदांत दोन इंग्रजही होते. ओवेन बर्कली-हिल हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक. क्लॉड डेली हे हिंदुस्थानी फौजेतले अधिकारी.

यांच्यापाशी गिरींद्रशेखरांपेक्षा कितीतरी अधिक होते. बर्कली-हिल यांनी लंडनच्या अर्नेस्ट जोन्स यांच्याकडे काही काळ विश्लेषण करून घेतले होते. डेली तर जोन्स, फ्रॉइड आणि बुडापेस्टचे फेरेन्झी या तिघांकडेही जाऊन आले. गुरुमुखातून विद्या मिळवण्याचा जो मार्ग शास्त्राने पुढे एकमेव ठरवला तो डेलींना पुरेपूर लाभला होता.

त्यांनी लिहिले काय? १९२१ साली बर्कली-हिल यांनी हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. शौचविषयक बालपणीच्या वृत्तींतून फ्रॉइड आणि जोन्स यांनी जो एक स्वभावगट सांगितला होता, तो त्यांनी एका सबंध समाजाला लावला. सोवळेओवळे, विधींचा काटेकोरपणा, प्राणायाम, कंजूषपणा, सारे काही त्या एकाच किल्लीने उघडत गेले. १९३० साली डेली यांनी क्रांतिकारी प्रवृत्तींच्या मानसशास्त्रावर लिहिले. बंगालमधील सशस्त्र क्रांतिकारकांच्या कृत्यांचे मूळ त्यांनी बालपणातल्या अपूर्ण इच्छांत आणि मातृदेवतेच्या उपासनेत शोधले. मातृभूमीला देवी मानणारे पुत्र पित्याच्या जागी असलेल्या सत्तेवर उठतात, अशी ती मांडणी. हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी दांडीची यात्रा निघाली आणि चितगावच्या शस्त्रागारावर छापा पडला. लक्षावधी लोकांच्या असंतोषाची कारणे मिठावरच्या करात, तुरुंगांत, बेकारीत पाहता येत होती. डेलींनी ती रुग्णाच्या बिछान्यावर पाहिली. परक्या मुलखात सत्ता गाजवणाऱ्याच्या मनात कोणत्या इच्छा असतात, आज्ञाधारक प्रजेची त्याला एवढी गरज का वाटते, तिने डोके वर काढताच त्याला ती आजारी का दिसू लागते, हे प्रश्न त्याच शास्त्राच्या चौकटीत सहज विचारता आले असते. दोघांच्याही लेखनात ते आले नाहीत.

बर्कली-हिल यांच्याबाबतीत हे विशेष खटकते, कारण ते संकुचित वृत्तीचे गृहस्थ नव्हते. रांचीचे रुग्णालय त्यांनी माणुसकीने चालवले. रुग्णांच्या हातांना काम देऊन उपचार करण्याची पद्धत तेथे रुजवली. मलबारमधील एका हिंदू स्त्रीशी त्यांनी विवाह केला होता आणि त्यापायी स्वजातीयांचा रोष पत्करला होता. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या वागण्याविषयी पुष्कळ मोकळेपणा दाखवला आहे. ज्याची पत्नी हिंदू, मुले अर्धी हिंदू, त्या लेखकाने हिंदूंच्या स्वभावावर निबंध लिहिताना आपल्या घराकडे एकदाही दृष्टी वळवू नये, याला केवळ अज्ञान म्हणता येत नाही. ख्रिस्तिएन हार्टनाक या जर्मन संशोधिकेने २००१ साली वसाहतकालीन भारतातील मनोविश्लेषणावर जो ग्रंथ लिहिला त्यात या दोघांच्या लेखनाची बारकाईने छाननी केली आहे. गिरींद्रशेखरांच्या भाषेत सांगायचे तर फळीच्या दुसऱ्या टोकावर ते बसलेच नाहीत. पाहणारे आपण, पाहिले जाणारे ते, ही वाटणी कधी उलटू शकते याची कल्पनाच त्यांनी केली नाही.

उलटपक्षी, संस्थापकांनी फ्रॉइड यांना कसे वाचले ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी फ्रॉइड यांना गुरू मानले. पण जे स्वतःच्या अनुभवाशी जुळत नव्हते ते मानले नाही. १९२९ साली त्यांनी आपले तेरा निबंध व्हिएन्नाला पाठवले. मुलगा पित्याच्या धाकाने, पुरुषत्व गमावण्याच्या भयाने, आईविषयीची इच्छा सोडतो हे फ्रॉइड यांचे प्रतिपादन होते. गिरींद्रशेखरांनी कळवले की युरोपीय रुग्णांत या भयाचे महत्त्व ते नाकारीत नाहीत, मात्र त्यांच्या भारतीय रुग्णांत ते तेवढ्या तीव्रतेने आढळत नाही. आणि जेथे आढळते तेथेही त्याचे बळ पुरुषाच्या मनात दडलेल्या स्त्री होण्याच्या इच्छेतून येते. खरा झगडा पुरुष असण्याची इच्छा आणि स्त्री असण्याची इच्छा यांच्यात आहे. आपले हे म्हणणे फ्रॉइड यांनी तत्काळ मान्य करावे अशी अपेक्षा नाही, असेही त्यांनी नम्रपणे जोडले. फ्रॉइड यांना भारतीय आणि युरोपीय रुग्णांतील हा फरक लक्षणीय वाटला. विरुद्ध इच्छांच्या सिद्धान्ताविषयी मात्र त्यांची शंका कायम राहिली. पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. भेट कधीच झाली नाही.

पुरुषाच्या मनातील स्त्रीत्वाची गोष्ट त्या काळच्या एखाद्या बंगाली गृहस्थाने लिहावी याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. बंगाली पुरुषाला बायकी म्हणून हिणवण्याची राज्यकर्त्यांची रीत जुनी होती, मेकॉलेपासूनची. त्या हिणवण्याला उत्तर म्हणून तालमी निघाल्या, लाठीकाठीचे वर्ग निघाले. गिरींद्रशेखरांनी ती इच्छा सर्व पुरुषांत असते, पाहणाऱ्यातही असते, असे शास्त्रीय निबंधात नोंदवले आणि ते पुढे गेले. त्यांच्या डोळ्यांसमोर हा राजकीय संदर्भ होता असे त्यांच्या निबंधांतून दिसत नाही. किंबहुना राजकारणावर ते जवळजवळ बोललेच नाहीत.

इंग्रजीत वाचलेले त्यांनी बंगालीत आणले हा या कथेतला साहित्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग. १९२८ साली त्यांचा 'स्वप्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गीता, पुराणे आणि पतंजलीची योगसूत्रे यांवरही त्यांनी लिहिले. पुराणांवरील 'पुराणप्रवेश' हा ग्रंथ १९३४चा. 'लालकालो' नावाची मुंग्यांच्या युद्धाची एक बालकथाही त्यांच्या नावावर आहे. मनोविश्लेषणाच्या इंग्रजी परिभाषेला त्यांना देशी शब्द शोधावे लागले. जाणिवेपलीकडच्या मनाला त्यांनी 'निर्ज्ञान' म्हटले. मराठीत त्याच अर्थाने 'नेणीव' रुळली. दोन्ही शब्द 'ज्ञा' या एकाच धातूचे. परंतु मराठी शब्द संतवाङ्मयातून आलेला, त्यामुळे त्याला अध्यात्माचा जुना वास आहे. जाणीव-नेणीव या जोडीत परमार्थाची भाषा बोलणाऱ्या मराठी वाचकाला फ्रॉइड यांची नेणीव समजून घेताना एक सोय झाली आणि एक अडचणही. शब्द ओळखीचा असल्याने कल्पनाही ओळखीचीच आहे असा समज होणे सोपे गेले.

मराठीत मनाच्या या शास्त्राचे वाचन निराळ्या वाटेने पसरले. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. कर्वे मनोविश्लेषक नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. कामव्यवहाराच्या शास्त्रावरचे युरोपीय ग्रंथ वाचून ते मराठीत सांगत. त्या मासिकाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि संपादकांची रोखठोक उत्तरे. जे आईबापांना, डॉक्टरांना, बायकोलाही विचारता येत नव्हते ते लोक मासिकाला विचारीत होते. आपल्याला छळणाऱ्या गोष्टीला शास्त्रात नाव आहे, ती इतरांनाही होते, तिचा पापाशी संबंध नाही, एवढे कळणे हीच त्या प्रश्नकर्त्यांची आत्मजाणिवेची पहिली पायरी होती. शास्त्राच्या वाचनाचा हा उपयोग फ्रॉइड यांच्या पक्वान्नांच्या यादीत बसत नाही. भुकेला काही तरी नाव असते हे कळल्यानेही उपाशी माणसाला धीर येतो. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले; १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. खटला हरला. न्यायालयापुढचा वाद मूलतः वाचकाच्या हक्काचाच होता: स्वतःच्या देहमनाविषयीचे प्रश्न छापून विचारण्याचा आणि उत्तर छापून वाचण्याचा. १९४२ साली बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी आली तेव्हा संज्ञाप्रवाहाचे लेखन समजून घेणारा थोडासा का होईना वाचकवर्ग मराठीत तयार होता. त्यात मानसशास्त्राच्या लोकप्रिय वाचनाचा वाटा किती, हा अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा विषय आहे.

कलकत्त्याकडे परतायचे तर, गिरींद्रशेखरांच्या कार्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९२२ ते १९५३, म्हणजे संस्थेच्या स्थापनेपासून मृत्यूपर्यंत, अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या भोवतीच्या पिढीचे विश्लेषण त्यांनीच केले. त्यांचे कोणी केले नाही. स्वतःच्या मनाचा शोध त्यांनी कसा घेतला याचा वृत्तान्त त्यांनी मागे ठेवलेला नाही. फ्रॉइड यांच्या स्वप्नमीमांसेत लेखकाची स्वप्ने पानोपानी येतात. गिरींद्रशेखरांच्या लेखनात गृहस्थ म्हणून, भाऊ म्हणून, परतंत्र देशाचा नागरिक म्हणून ते स्वतः क्वचितच डोकावतात. वाचनाने त्यांना स्वतःकडे नेले हे त्यांच्या सिद्धान्तावरून अनुमानाने म्हणता येते. वाटेत त्यांना काय भेटले हे कळत नाही. आशिस नंदी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ निबंधात या मौनाचा विचार केला आहे. गिरींद्रशेखरांच्या व्यक्तिमत्त्वात विज्ञाननिष्ठ डॉक्टर आणि पुराणे वाचणारा पंडित हे दोघे शेजारी राहिले, आणि मनोविश्लेषणाची संस्कृतीवर टीका करण्याची शक्ती त्यांच्या हाती काहीशी बोथट झाली, असा त्या विवेचनाचा रोख आहे. सुधीर कक्कर यांना मात्र त्यांच्यात पूर्वसूरी दिसला. १९७८ साली भारतीय बालपणावर लिहिणाऱ्या कक्करांनी पुढे गिरींद्रशेखरांच्या पत्रांचा, विशेषतः पुरुषातल्या स्त्रीत्वाच्या त्या मुद्द्याचा, पुन:पुन्हा आधार घेतला. दोन्ही निर्णय एकाच माणसाविषयी खरे असू शकतात.

संस्थेचे काम मात्र कागदापुरते राहिले नाही. १९४० साली राजशेखरांनी दिलेल्या जागेत 'लुंबिनी पार्क' हे मनोरुग्णालय सुरू झाले. १९४७ साली 'समीक्षा' हे नियतकालिक निघाले. नाव संस्कृत, मजकूर इंग्रजी. १९३१ साली फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला संस्थेने विष्णूची एक हस्तिदंती मूर्ती पाठवली होती. ती त्यांनी आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. तेथे ती पाहिल्याचे अमेरिकन कवयित्री हिल्डा डूलिटल यांनी लिहून ठेवले आहे. नाझींच्या भयाने १९३८ साली व्हिएन्ना सोडावे लागले तेव्हा फ्रॉइड यांचा हा सारा संग्रह लंडनला गेला.

या मूर्तीची कथा नेहमी सांगितली जाते. तिच्या नऊ वर्षे आधीच्या एका चित्राची कमी सांगितली जाते. फ्रॉइड यांचे छायाचित्र तोवर पारसी बागानमध्ये कोणी पाहिले नव्हते. अड्ड्यावरचे चित्रकार यतींद्रकुमार सेन, ज्यांची चित्रे परशुरामांच्या कथांबरोबर छापली जात, त्यांनी केवळ ग्रंथांवरून कल्पना करून फ्रॉइड यांचे चित्र काढले आणि गिरींद्रशेखरांनी ते १९२२ साली त्यांना पाठवून दिले. फ्रॉइड यांनी आभार मानले. चित्र मूळ माणसापेक्षा फारच देखणे झाल्याचे कळवले; आणि छायाचित्राशी ताडून पाहाल तेव्हा चित्रकाराने वंशाची काही वैशिष्ट्ये ध्यानात घेतलेली नाहीत हे दिसेल, असेही लिहिले. लू आंद्रेआस-सालोमे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तीच गोष्ट अधिक मोकळेपणाने सांगितली. कलकत्त्याच्या त्या मंडळींनी या व्हिएन्नाच्या ज्यू डॉक्टरला अगदी अस्सल इंग्रज करून टाकले होते. त्यांचे शब्द त्यांनी इंग्रजीतून वाचले होते, आणि लेखकाचा चेहरा म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजाचाच चेहरा उभा राहिला होता.